न उरलेलं रान

खालापूर तालुक्यात खोपोलीला घाटमाथ्यावरून जाड लोखंडी नळ उतरतात. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवटा ही धरणं पावसात भरतात आणि ते पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली येऊन खोपोलीतली जनित्रं फिरवतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी १९१५ साली हे वीजघर सुरू केलं. सात वर्षांनी, १९२२ मध्ये, शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीला आंध्रा खोऱ्यातलं पाणी असंच खाली उतरवून दुसरं वीजघर उभं राहिलं. मुंबईच्या गिरण्यांचे पट्टे वाफेवरून विजेवर आले ते या दोन तालुक्यांच्या जिवावर.

आता या विजेच्या इंग्रजी नावाकडे पाहा. 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द 'इलेक्ट्रॉन' या ग्रीक शब्दावरून आला आणि ग्रीकांचा इलेक्ट्रॉन म्हणजे अंबर. पिवळसर, मधाच्या रंगाचा, वजनाला हलका आणि हाताला उबदार लागणारा हा मणी लोकरीवर घासला, की गवताच्या काड्या, पिसं, भुसा असल्या हलक्या गोष्टी ओढून घेतो. इंग्लंडमधल्या विल्यम गिल्बर्ट या वैद्याने १६०० साली चुंबकावर ग्रंथ लिहिला, त्यात अशा ओढीला त्याने 'अंबरासारखी' या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला आणि तोच पुढे जगभर झाला. आपल्याकडेही ही गंमत माहीत होती. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात, गवत ओढणारा मणी. फारसीत कहरुबा; काह म्हणजे गवत आणि रुबा म्हणजे ओढून नेणारा. तीन भाषांनी एकाच वस्तूकडे पाहिलं आणि तिघींच्या नजरेत ती काडीच भरली.

(बातम्यांमध्ये येणारं 'अंबर', म्हणजे किनाऱ्यावर पकडली जाणारी 'व्हेलची उलटी', ही अगदी वेगळी वस्तू. अरबी शब्द मुळात तिचाच. दोन्ही समुद्रकाठी सापडत, दोन्ही महाग, म्हणून युरोपात नावाची सरमिसळ झाली आणि ती तशीच आपल्याकडे आली. या लेखात अंबर म्हणजे झाडाची अश्मीभूत राळ.)

मी कर्जतला राहतो आणि कधीमधी आसपासच्या शाळांमध्ये दगडमातीबद्दल बोलायला जातो. 'ज्युरासिक पार्क' पाहिलेलं एखादं पोर हमखास विचारतं, की आपल्याकडे अंबर सापडतं का. सरळ उत्तर आहे, नाही. कर्जत-खालापुरात अंबराचा खडाही सापडलेला नाही आणि सापडण्याची शक्यताही जवळजवळ नाही. पण हे 'नाही' कशामुळे, हे विचारायला लागलो की गोष्ट लांबते. तीच इथे सांगायची आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. झाडातून जे जे गळतं त्याला आपण सरसकट डिंक किंवा चीक म्हणतो, पण ही तीन वेगवेगळी द्रव्यं आहेत. बाभळीचा, धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून तर त्याचे लाडू होतात. फणसाचा, रुईचा चीक दुधासारखा पांढरा; तो हाताला लागू नये म्हणून आपण फणस कापताना तेल लावतो. तिसरी ती राळ. ती पाण्यात विरघळत नाही, तेलात किंवा स्पिरिटमध्ये विरघळते, विस्तवावर टाकली की वास सोडत भडकते. दशावतारात पलित्यावर मूठभर भुकटी फेकून जाळाचा लोळ उठवतात ती ही राळ. तिथूनच आपल्या वर्तमानपत्रांत 'आरोपांची राळ' उडायला लागली. लाख आणखी वेगळी. ती झाड देत नाही, झाडावर बसणारा किडा देतो.

झाड राळ कशासाठी गाळतं? खोडाला जखम झाली, भुंग्याने भोक पाडलं, फांदी मोडली, की ती जागा बुजवायला. राळ चिकट असते आणि बुरशी-जंतूंना मारकही असते. खोडावरून जाणारी मुंगी, राळेच्या वासाने आलेला भुंगा, वाऱ्याने आपटलेलं चिलट तिच्यात अडकतं. त्यावर दुसरा ओघळ आला की ते बंद होतं. मग राळेतली उडून जाणारी तेलं उडून जातात, उरलेले रेणू एकमेकांत साखळ्या गुंफतात आणि राळ घट्ट होत जाते. इथवरची गोष्ट कुठल्याही रानात रोज घडते. पुढची मात्र क्वचितच घडते. ती राळ उन्हा-वाऱ्यात पडून राहिली तर तडकते, भुगा होते, संपते. ती गाळाखाली, चिखलात, हवा पोचणार नाही अशा जागी पुरली गेली, वर थर चढत गेले आणि लाखो वर्षं तिथेच राहिली, तरच तिचं अंबर होतं. झाड, राळ आणि किडा मिळणं सोपं आहे. अवघड आहे ते वेळेवर पुरलं जाणं आणि पुरल्यावर कुणी न उकरणं.

ताजी राळ आणि अंबर यांच्या मधल्या अवस्थेला इंग्रजीत कोपल म्हणतात. मराठीत तिच्यासाठी जुना शब्द आहे, चंद्रूस. जुन्या रंगाऱ्यांना आणि वैद्यांना तो माहीत होता. अरबी-फारसीत ते संदरूस आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत सांदारूसी. एकाच शब्दाची ही तीन रूपं अरबी समुद्राच्या तीन काठांवर आहेत, कारण हा माल त्या समुद्रावरून फिरत होता. झांझिबारच्या समोरच्या किनाऱ्यावर जमिनीत थोडं खोल खणलं की चंद्रुसाचे खडे मिळत. एकोणिसाव्या शतकात ते झांझिबारला येत, तिथे कच्छी भाटिया आणि खोजा व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि त्यातला बराच माल मुंबईमार्गे पुढे जाई. त्याचं उत्तम रोगण होई. त्या काळच्या बग्ग्या, फर्निचर, रेल्वेचे डबे यांची चकाकी अशा रोगणांची असे.

लंडनच्या बाजारात हा माल 'ॲनिमे' नावाने विकला जाई आणि मुंबईच्या बंदरातून आला म्हणून त्याला मुंबईचं नाव चिकटे. त्यातल्या काही खड्यांमध्ये किडे असत. फ्रेडरिक विल्यम होप या कीटकसंग्राहकाने १८३०च्या दशकात अंबरातल्या आणि ॲनिमेतल्या किड्यांची यादी छापली, तेव्हा युरोपातल्या अभ्यासकांच्या टेबलावर हे खडे मौल्यवान ठरले. पण तो किडा कुठल्या रानातला? खोक्यावर मुंबई लिहिलेलं होतं. रान आफ्रिकेतलं होतं. पुढे झांझिबारला राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्क यांनी १८६०च्या दशकात दाखवून दिलं, की जमिनीतला चंद्रूस आणि त्या किनाऱ्यावर अजून उभ्या असलेल्या झाडाची राळ एकाच जातीची आहे. त्यामुळे खोक्यावरच्या नावापेक्षा झाडाचं नाव खरं ठरलं. खणणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याच खोक्यावर नव्हती.

आता आपल्या दगडाकडे येऊ. कर्जत-खालापूरच्या पायाखाली आणि डोक्यावर जे काही आहे, माथेरान, इर्शाळगड, सोंडाई, बोरघाट, ते सगळं लाव्हाचं आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमारास, जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला आणि एकावर एक थर साचत गेले. आज हा दख्खनचा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याच्या थरांच्या गटांना भूवैज्ञानिकांनी जी नावं दिली त्यातलं एक आपल्या खंडाळ्याचंच आहे. अशा तापलेल्या लाव्हात राळ टिकणार नाही. ती जळून जाईल.

हा डोंगर आतून कसा आहे हे माणसांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते बोरघाटातल्या रेल्वेच्या कामात. १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं हा घाट फोडला जात होता. पंचवीस बोगदे खणले गेले. १८६१ साली कामावर ४२,००० माणसं होती. त्या कातळाच्या पोकळ्यांतून जे निघालं ते फार देखणं होतं. ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक. लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या बुडबुड्यांत पुढे पाण्याने आणून साचवलेले. जगभरच्या संग्रहालयांत आज सह्याद्रीचे असे स्फटिक आहेत. त्या पोकळ्यांत एकही किडा नाही, पान नाही. आपला दगड स्फटिक सांभाळतो, जीव सांभाळत नाही, असं कुणाला वाटलं तर नवल नाही.

पण लाव्हा सतत वाहत नव्हता. दोन ओघांच्या मध्ये कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची उसंत असे. तेवढ्यात वरचा थर झिजून माती होई, तळी साचत, जीव परत येत. एक्स्प्रेसवेने घाट चढताना कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो अशाच उसंतीचा. आणि कर्जतहून लोकलने गाठता येईल अशा मुंबईत, वरळीला, अशाच एका तळ्याचा गाळ दगड होऊन शिल्लक राहिला. त्यात बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे मिळाले. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. पुढे १९३० मध्ये त्या बेडकाला 'इंडोबॅट्रॅकस' असं नवं कुळनाव मिळालं. मुंबईतले डॉक्टर आणि भूवैज्ञानिक हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये तिथल्याच कासवाचं वर्णन छापलं. म्हणजे लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये इथे बेडूक ओरडत होते. वरळीचं तळं पुरलं गेलं म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. कर्जतच्या बाजूला तसं तळं नव्हतं असं यातून अजिबात ठरत नाही.

आता नकाशावर कर्जतपासून जवळजवळ सरळ उत्तरेला बोट न्या. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास सुरत जिल्ह्यात वस्तान नावाचं गाव आहे. तिथे लिग्नाइटची, म्हणजे कोवळ्या तपकिरी कोळशाची, उघडी खाण आहे. त्या खाणीच्या बुडाशी खाली खाली गेलं तर आपलाच दख्खनचा कातळ लागतो. लाव्हा थांबल्यावर दीड कोटी वर्षांच्या आत-बाहेर त्या कातळावर समुद्राकाठची दलदल आणि दाट रान उभं होतं. झाडं पडली, पाणथळीत पुरली, वर गाळ चढला, कोळसा झाला. आणि त्या कोळशात राळेचे पिवळे खडे राहिले.

२००५ साली 'करंट सायन्स'मध्ये या अंबराची आणि त्यातल्या जिवांची पहिली नोंद छापली गेली. चंदीगडचे अशोक साहनी, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले हुकम सिंग, गढवालमधले राजेंद्र राणा आणि जर्मनी-अमेरिकेतले सहकारी यांनी पुढे बरीच वर्षं ते वेचलं. २०१० मध्ये त्यांचा मोठा निबंध आला. दीडशे किलोहून जास्त अंबर तपासून सातशेवर कीटक आणि कोळी-वर्गातले जीव हाती आले होते. त्यांची पन्नासहून अधिक कुळं भरली. वय ५ कोटी ते ५ कोटी २० लाख वर्षं.

राळेच्या रसायनावरून झाडही कळलं. ते डिप्टेरोकार्प कुळातलं होतं, म्हणजे आपल्या सालवृक्षाच्या गोतावळ्यातलं. ज्याची राळ आपण बाजारातून पुडीत आणतो तो साल, किंवा दक्षिणेकडचा पांढऱ्या डामराचा धूपवृक्ष, हे याच कुळातले. हे कुळ आज सह्याद्रीत खाली, कर्नाटक-केरळच्या ओल्या रानांत उभं आहे आणि पुढे बोर्निओ-मलायात त्याचंच राज्य आहे. रायगडच्या रानात ते नाही. पाच कोटी वर्षांपूर्वी मात्र गुजरातेत त्याचं भरघोस रान होतं. २०१० पर्यंत आशियातल्या अशा रानांचा इतका जुना पुरावा दुसरा नव्हता.

या अंबराचा आणखी एक गुण. बाल्टिक समुद्राकाठचं प्रसिद्ध अंबर घट्ट जमलेलं असतं. त्यातला किडा आपण काचेतून पाहावा तसा पाहतो. वस्तानच्या राळेतल्या साखळ्या तितक्या घट्ट गुंफलेल्या नाहीत. टोल्यूइनसारख्या द्रावकात ती विरघळते आणि पाच कोटी वर्षांपूर्वीचा किडा अख्खा, अंगावरच्या केसांसकट, बाहेर काढता येतो. इथे 'ज्युरासिक पार्क'ची आठवण होणारच, म्हणून सांगून टाकतो, की त्या किड्यात डीएनए मिळत नाही. १९९०च्या दशकात अंबरातून डीएनए काढल्याचे दावे झाले होते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये ते काळजीपूर्वक पडताळले गेले तेव्हा एकही टिकला नाही. कवच राहतं, आकार राहतो, वारसा राहत नाही.

पण आकारही पुष्कळ सांगतो. तोवरची सर्वसाधारण समजूत अशी होती, की भारत हा तुकडा सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि आशियाला धडकेपर्यंत समुद्रात एकटाच तरंगत राहिला. इतका काळ एकटा राहिल्यावर इथले जीव जगावेगळे असायला हवेत. वस्तानच्या अंबरात ते तसे निघाले नाहीत. त्यातल्या मधमाश्या एका नामशेष गटातल्या आहेत, आजच्या नांगी नसलेल्या बारक्या मधमाश्यांच्या जवळच्या. तोच गट उत्तर युरोपातल्या बाल्टिक अंबरातही आहे. मुंग्या, चिलटं, वाळवी यांचेही सगेसोयरे युरोप-आशियात, काहींचे तर अमेरिकेत निघाले. वाळवीच्या आजच्या सगळ्यात मोठ्या कुळाचा तोपर्यंतचा सर्वांत जुना नमुना इथलाच. याचा अर्थ, धडकेच्या आधीही बेटांच्या साखळ्यांवरून किंवा अन्य वाटांनी येणं-जाणं चालू होतं, किंवा धडक मानली जाते त्यापेक्षा आधी सुरू झाली होती. अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. पण 'एकटं बेट' ही कल्पना पूर्वीसारखी उभी राहत नाही.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. ती कल्पना कशावर उभी होती? खंडांच्या सरकण्याचं गणित तर होतंच. पण त्याबरोबर एक रिकामी जागा होती. त्या काळातले भारतातले किडे कुणी पाहिलेच नव्हते. पुरावा नव्हता, तिथे गणिताने स्वतःचं चित्र रंगवलं. मग खाणीतून चिलटं आली आणि चित्र बदललं.

तर वस्तानला अंबर आहे आणि कर्जतला नाही, दोन्हीकडे बूड एकच असून. फरक रानाचा नाही. लाव्हा थंड झाल्यावर इथेही माती झाली असणार, झाडं आली असणार, त्यांच्या खोडावरून काही ना काही गळलं असणार. फरक पुढच्या गोष्टीचा आहे. वस्तानचा भाग खचत होता, तिथे गाळ साचत होता. आपला भाग उंच होता आणि झिजत होता. सह्याद्रीच्या या कडेवरून कोट्यवधी पावसाळे पाणी दगड-माती घेऊन समुद्राकडे गेलं आहे. जे काही पडलं ते इथे राहिलंच नाही. हा डोंगर अजून झिजतो आहे आणि ती झीज नेहमी सावकाश नसते. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळाली नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. सह्याद्री झिजतो हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात जितकं शांत वाटतं, तितकं इथे राहणाऱ्याला वाटत नाही.

अंबर खोटं बोलत नाही, पण ते सगळं सांगतही नाही. त्यात कोण सापडतं? जो खोडावरून चालतो तो. मुंग्या, वाळवी, भुंगे, झाडालगत उडणाऱ्या बारीक माश्या. अंगात ताकद असलेला मोठा किडा पाय ओढून निघून जातो. गवतात राहणारा, झाडाकडे न फिरकणारा अंबरात जवळजवळ नसतोच. अभ्यासकांना हे ठाऊक असतं आणि म्हणून अंबर पाहून कुणी असं म्हणत नाही, की त्या रानात हत्तीएवढं काही नव्हतं. ज्या खोडाला जो चिकटला, त्याचीच नोंद झाली, हे ते आधी गृहीत धरतात.

माणसांच्या नोंदींबाबत आपण एवढी काळजी घेत नाही. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि १८८२चं ठाण्याचं गॅझेटियर आजही इथल्या इतिहासाचं पहिलं पुस्तक मानलं जातं. त्यात कातकरी आहेत. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात पाडणारे, त्यावरूनच नाव मिळालेले. पण ते नोंदीत येतात कुठे? लाकूड तोडलं तिथे, महसूल बुडाला तिथे, चोरीचा संशय आला तिथे. सरकारच्या खोडाला ते जिथे जिथे चिकटले, तेवढेच आपल्याला दिसतात. १८७८च्या वन कायद्यानंतर खैर सरकारी झाला, कात पाडणं अवघड झालं आणि ही माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेली. आजही पावसाळा संपला की कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं भट्ट्यांवर निघतात. कात पाडताना ते काय गात होते, रानातल्या कुठल्या झाडाला काय म्हणत होते, ते त्या पुस्तकाच्या खोडावरून चाललंच नाही. म्हणून ते नव्हतं असं आपण म्हणू शकत नाही. पण सहज म्हणतो. 'आदिवासींना इतिहास नाही' हे वाक्य मी याच तालुक्यात, शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

बोरघाटाचंही तसंच. ठेकेदार फॅविएल, मग सॉलोमन ट्रेडवेल, तो वारल्यावर काम हाती घेणारी त्याची पत्नी ॲलिस, ही नावं पक्की आहेत. १८५९-६०च्या कॉलऱ्यात त्या घाटात मेलेल्या हजारो मजुरांची नावं नाहीत. त्यांनी फोडलेल्या दगडातले स्फटिक काचेच्या कपाटात आहेत, खाली ठिकाण लिहिलेलं आहे.

हे बरोबरीला ठेवण्यात एक धोका आहे, तो मला दिसतो. किड्याची राळ कुणी ठरवून गाळली नव्हती. गॅझेटियर कुणीतरी ठरवून लिहिलं होतं, कुणाला घ्यायचं, काय विचारायचं हे ठरवूनच. त्यामुळे अंबरातली रिकामी जागा निसर्गाची आहे आणि पुस्तकातली माणसांची. पहिली भरून काढायला कोट्यवधी वर्षं आणि नशीब लागतं. दुसरी भरायला कातकरी वाडीवर जाऊन बसणं आणि ऐकणं पुरतं. आजही सत्तरी-ऐंशीची माणसं तिथे आहेत, ज्यांनी आजोबांकडून काताच्या भट्टीचं ऐकलेलं आहे. ही राळ अजून ओली आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

जुन्या खड्यांचंही हेच. जगातलं सर्वांत समृद्ध जुनं अंबर ब्रह्मदेशातल्या काचिन प्रांतातून येतं, दहा कोटी वर्षांच्या आसपासचं. ब्रिटिश काळात मंडालेतल्या स्विन्हो नावाच्या वकिलाने पाठवलेल्या खड्यांवरून त्यातल्या किड्यांची पहिली वर्णनं झाली. आज त्या खाणींच्या भोवती युद्ध आहे आणि २०२०मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नियतकालिकांना तिथलं नवं अंबर छापू नका अशी विनंती केली. एका चिलटाच्या पायाखाली किती माणसांचं काय काय आहे, हे पाहावं लागतं.

वस्तानला युद्ध नाही, पण घाई आहे. तिथला लिग्नाइट संग्रहालयासाठी खणलेला नाही. तो शेजारी नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जाळण्यासाठी खणला जातो. खाण नसती तर ते अंबर कुणाला दिसलंच नसतं, हेही खरं. यंत्राच्या फावड्यापुढे उभं राहून अभ्यासकांनी जे वेचलं ते दीडशे-दोनशे किलो उरलं. जे वेचलं गेलं नाही ते कोळशाबरोबर भट्टीत जातं, त्यातल्या मुंग्या-माश्यांसकट, आणि त्याची वीज होते. इलेक्ट्रॉनची इलेक्ट्रिसिटी, ग्रीकांना हे ऐकवलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.